पाणी विचारणारे कांबळे

आमच्या शोरूममध्ये गाडी विकली जात नसे, दिली जाई. निदान सुधाकर कांबळे तिथे होते तोवर तरी. कुणी नवा सेल्समन उत्साहाने "काका, आज एक गाडी विकली!" असं ओरडत आला, की कांबळे चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "विकतात ती कोथिंबीर. गाडी देतात. कुणाच्या घरी दिलीस, ते सांग."

प्रभादेवीला मुख्य रस्त्यावर आमचं शोरूम. मी तिथे विम्याच्या टेबलावर बसते. गाड्यांचे कागदपत्र माझ्या हातून जातात, म्हणून कांबळ्यांनी मला नाव ठेवलं होतं पत्रिकावाल्या बाई. कारण त्यांच्या हिशेबात गाडी ही मुलगी होती आणि ती देण्याचा सगळा व्यवहार हे लग्न. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे कांदेपोहे. सीटकव्हर, चटया, परफ्यूमची बाटली हे रुखवत. गाडीची चावी हातात द्यायचा दिवस म्हणजे पाठवणी. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस गंमत करतोय. पुढे कळलं की गंमत आमची चाललीय, त्यांचं सगळं मनापासून आहे.

या भाषेने एकदा चांगलाच घोळ घातला. गिरगावातल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी फोन केला, तो उचलला त्याच्या बायकोने. कांबळ्यांचा फोनवरचा आवाज असा, की पलीकडच्याला फोनची गरजच पडू नये. म्हणाले, "वहिनी, साहेबांना सांगा, त्यांनी पसंत केलेली आलीये. रविवारी कांदेपोह्याला बोलवलंय म्हणावं. एकटेच या, निवांत बघून घ्या." तासाभरात बाई शोरूमच्या दारात हजर, मागे नवरा केविलवाणा होऊन. "कुठाय ती?" असं विचारल्यावर कांबळ्यांनी शांतपणे एका लाल गाडीकडे बोट दाखवलं. बाईंनी गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग दार उघडून आत जाऊन बसल्या. गाडी त्यांनीच घेतली आणि चालवतातही त्याच. नवरा शेजारी बसतो.

उंची बेताची, पोट थोडं सुटलेलं, केस मागे वळवलेले, आणि बूट असे चकचकीत की वाकून भांग पाडावा. त्या बुटांचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत. जेवल्यावर खुर्चीतच डुलकी काढायचे, घोरायचेसुद्धा, आणि उठवलं तर "विचार करत होतो" म्हणायचे. खिशात कायम दोन रुमाल. पांढरा स्वतःच्या तोंडासाठी, पिवळा गाडीसाठी. एकदा मे महिन्यात एसी बंद पडला, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि पांढरा रुमाल ते घरी विसरून आलेले. मी म्हटलं, "कांबळे, पिवळ्याने पुसा की! कोण बघतंय?" म्हणाले, "छे छे, तो तिचा आहे." आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

पण सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक दारातून आत आलं, सोफ्यावर टेकलं, की कांबळे समोर बसून विचारायचे, "पाणी कुठलं?" लोक गडबडून जायचे. कुणी म्हणे, "साधं चालेल." कुणी म्हणे, "नको, आत्ताच चहा झाला." मग कांबळे समजावून सांगत. पाणी म्हणजे गाडीचं पाणी. पेट्रोल, सीएनजी, चार्जिंग, जे काय ती पिणार ते. घराजवळ आहे का? रांग किती लागते? रात्री-अपरात्री मिळतं का? ज्या गावाला पाणी नाही त्या गावात मुलगी देऊ नये, असं आपले जुने लोक सांगून गेलेत, आणि कांबळे ते गाडीला लावत. नुसत्या उत्तरावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. स्वतः जाऊन बघून यायचे.

दादरच्या एका गृहस्थांना विजेवरची गाडी हवी होती. कांबळे त्यांच्या घरी गेले. घर तिसऱ्या मजल्यावर, गाडी उभी राहणार रस्त्यावर. गृहस्थ म्हणाले, "त्यात काय, खिडकीतून वायर सोडीन." कांबळ्यांनी खिडकीतून खाली बघितलं, वायर जिथून जाणार होती ते आंब्याचं झाड बघितलं, आणि म्हणाले, "साहेब, पोरगी दोरीने पाणी ओढून मरेल हो." विजेवरची महाग गाडी त्यांनी दिली नाही, छोटी पेट्रोलची दिली. शोरूमचा मॅनेजर निनाद, वयाने त्यांच्या निम्मा, डोक्याला हात लावून बसला होता. तरी कांबळ्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण दिलेली गाडी परत तक्रार घेऊन येत नसे, आणि त्या घरातली पुढची गाडीही कांबळ्यांकडूनच जात असे.

मग ती आली.

एका परदेशी कंपनीने आमच्या शोरूममध्ये हायड्रोजनवर चालणारी एक गाडी आणून ठेवली. निळसर करडी, डौलदार. टाकीत हायड्रोजन वायू भरायचा, गाडीच्या पोटातच त्याची वीज होते, त्यावर मोटर चालते. मागच्या नळीतून धूर येतच नाही. येतं ते पाणी. थेंब थेंब, स्वच्छ. कांबळ्यांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा पँटची इस्त्री विसरून ते गुडघ्यावर बसले आणि नळीखाली हात धरला. बराच वेळ तसेच बसून होते. मी हाक मारली तर म्हणाले, "बाई, बघितलंत? पाणी करते ही. स्वतः करते."

दुसऱ्या दिवसापासून घरून स्टीलचं एक फुलपात्र आणून ठेवलं. गाडी फिरवून आणली की नळीखाली ते धरायचं, लोकांना दाखवायचं, आणि मग दारातल्या कुंडीत ओतायचं. प्यायला मात्र कंपनीने मनाई केली होती, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं. बघायला झुंबड उडायची. लोक फोटो काढायचे, थेंब बोटावर घ्यायचे. आणि शेवटी कुणीतरी विचारायचंच, "पण काका, भरायची कुठे?"

तिथे कांबळ्यांचा चेहरा उतरायचा. कारण तो त्यांचाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पंप होता एकच, पार चेंबूरच्या पलीकडे एका कारखान्याच्या आवारात. आमची गाडी तिथे ठरवून, परवानगी काढून भरून यायची. गाडीवाले म्हणत, आधी पंप होऊ देत, मग गाड्या आणू. पंपवाले म्हणत, आधी गाड्या येऊ देत, मग पंप काढू. कांबळे म्हणायचे, "मुलीकडचे म्हणतात आधी विहीर खणा, मुलाकडचे म्हणतात आधी सून आणा. मधल्या मध्ये पोरगी बसलीये बिनलग्नाची."

कंपनीने मुदत दिली होती दिवाळीपर्यंत. एक जरी पक्कं बुकिंग मिळालं, तर गाडी मुंबईत ठेवू, पुढचं बघू. नाही मिळालं तर परत नेऊ. डिसेंबरात कांबळे निवृत्त होणार होते. मला म्हणाले, "आयुष्यभर धूर सोडणाऱ्या पोरी दिल्या, बाई. जाता जाता ही एक देऊन जातो." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आणि स्थळ आलं. डॉक्टर सबनीस, कान-नाक-घशाच्या डॉक्टर. दवाखाना इथेच प्रभादेवीत होता, आता बंद केलेला. पांढरे कापलेले केस, बोलणं सरळ. म्हणाल्या, "कांबळे, मी परळ-लालबागच्या पोरांचे घसे बघत आयुष्य काढलं. या शहराचा धूर मी आतून बघितलाय. आता माझी गाडी तरी धूर सोडणार नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चार्जर लावू देत नाहीत, तेव्हा हीच घेते. कुठे सही करू?"

निनादने पेन पुढे केलं. कांबळे म्हणाले, "थांबा मॅडम. आधी पाणी बघून येऊ."

निनादने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही माझाच भाऊ हा. गाडीचे कागद लागणार म्हणून मलाही बरोबर घेतलं. डॉक्टर पुढे, मी मागे, कांबळे गाडी चालवत. इतकी निमूट गाडी मी कधी बघितली नाही. कांबळे मात्र वाटभर बोलत होते. डॉक्टरांना सगळं समजावून सांगत होते, खुशीत होते. टाकी तळाला आली होती, पण तिकडे भरायचीच होती, त्यामुळे काळजी नव्हती.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने हात आडवा केला. पंपाचं काही काम निघालं होतं, आज भरणार नव्हते. कांबळ्यांनी परवानगीचा कागद दाखवला. वॉचमन बिचारा सभ्य होता. म्हणाला, "अंकल, आपका कागज ठीक है. लेकिन आज तो बंद है."

कांबळ्यांनी विचारलं, "और ये मॅडम अगर गाडी लेंगी, तो रोज कैसे भरेंगी?"

वॉचमन हसला. "पंप है अंकल, गॅस भी है. पर पब्लिक के लिए नहीं है."

कांबळ्यांनी परवानगीच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. गाडी परत न्यायला ट्रक मागवला, आणि तो येईतो आम्ही समोरच्या टपरीच्या बाकावर बसलो. चहा आला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. मग डॉक्टरांकडे न बघताच बोलायला लागले.

"माझी आक्का, मोठी बहीण. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. तिला माणदेशात दिली. स्थळ चांगलं होतं, मॅडम. मुलगा शिकलेला, माणसं सरळ, घर पक्कं. बाबा गिरणीतून रजा काढून दोनदा बघून आले. सगळं विचारलं. पाणी विचारलं नाही. गावात विहीर दिसली, भरलेली दिसली, वाटलं झालं." त्यांनी चहा बाकावर ठेवला. "विहीर होती हो. पाणीपण होतं. आमच्यासाठी नव्हतं. आमच्या माणसांनी ओढ्याच्या झऱ्यावर जायचं, टेकडीपलीकडे. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. बाबा तिला परत घेऊन आले तोवर तिची मान गेली होती. आजही वळत नाही. कुणी हाक मारली तर सबंध वळते."

डॉक्टर म्हणाल्या, "कांबळे, ही गाडी आहे."

"हो मॅडम. पण गेटवर उभ्या तुम्ही राहणार. आज काम निघालंय, उद्या साहेब नाहीत, परवा कागद नाही. तुम्ही त्याला विनवणार आणि तो हात आडवा करणार. मला ते बघवणार नाही."

"मी सही केली तर गाडी इथे राहील. तुमची गाडी, कांबळे. मी गेटवर राहीन उभी, माझी काही तक्रार नाही."

"आक्काची पण नव्हती," कांबळे म्हणाले.

डॉक्टर चिडल्या. त्यांना नकार ऐकायची सवय नसावी. "म्हणजे तुम्ही मला नाही म्हणताय?"

"तुम्हाला नाही, मॅडम. गावाला नाही म्हणतोय."

ट्रक आला. गाडी वर चढवली, कांबळे ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही दोघी टॅक्सीने मागून. प्रभादेवीचा पूल पाडल्यापासून सगळी वाहतूक वळसा घेते, त्यामुळे वरात लालबागेतून निघाली, आणि नेमकी तिथेच अडकली. एवढी देखणी नवी गाडी ट्रकवर बघून लोक जमले. एकाने ओरडून विचारलं, "काय काका, नवी कोरी आणि बंद पडली?" कांबळ्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, आणि त्यांचा तो फोनवरचा आवाज सबंध नाक्यावर घुमला, "बंद नाही पडली! उपाशी आहे ती! तिचा दोष नाही!" टॅक्सीत डॉक्टर हसायला लागल्या, मीही हसले. मग बघते तर डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होत्या. शोरूमशी उतरताना मला म्हणाल्या, "हट्टी आहे हो हा माणूस. पण त्याने दिलेली गाडी मी डोळे मिटून घेईन."

निनाद मात्र संतापला होता. "काका, एक सही हवी होती! एक! स्वतःच्या हाताने घालवलीत." कांबळे म्हणाले, "स्थळ चांगलं होतं रे. मीच नको म्हटलं." आणि बुटांवरची धूळ झटकत जागेवर जाऊन बसले. त्या दुपारी ते घोरले नाहीत.

दिवाळी आली आणि गेली. दुसरं बुकिंग आलं नाही. येणार कसं? जो येई त्याला कांबळे खरं काय ते सांगत. कंपनीचं पत्र आलं, गाडी परत न्यायला ट्रक येतोय. पाठवायच्या आधी गाडीत वायू भरून आणला होता. सकाळी निनाद आला, कांबळ्यांपुढे चावी ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काका, ट्रक दुपारी येईल. तोवर ती तुमच्याकडे." निनाद वाईट मुलगा नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

त्यानंतर कांबळे निवृत्त होईपर्यंत रोज कामावर येतच होते, सेंडऑफ झाला, शाल झाली, भाषणं झाली. पण मला ते आठवतात ते त्या दिवशीचे.

म्हणाले, "चला पत्रिकावाल्या बाई, पाठवणीला माणूस हवं." आम्ही वरळीला गेलो. बीडीडीच्या जागी आता टॉवर झालेत, तिथे कांबळ्यांना घर मिळालंय. खाली आक्का उभ्या होत्या. कडक निळं लुगडं, ताठ मान. चोवीस तास नळ असलेल्या त्या घरातसुद्धा त्या रोज सकाळी कळशी भरून ठेवतात, असं कांबळ्यांनी मला सांगितलं होतं. मी नमस्कार केला, तर त्या सबंध वळल्या आणि हसल्या.

त्यांना पुढे बसवलं. वरळी सीफेसवरून गाडी नेली, कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत, आणि परत. आक्का खिडकीबाहेर बघत नव्हत्या, समोर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "सुधा, चालू आहे का रे ही? आवाज नाही." कांबळे म्हणाले, "आहे आक्का. कुरकुर करत नाही."

शोरूमला आलो तर ट्रक येऊन उभा होता. कांबळ्यांनी फुलपात्र आणलं. आक्कांना खाली वाकवेना, म्हणून त्यांनी खुर्ची मागवून गाडीच्या मागे ठेवली, त्यांना बसवलं आणि फुलपात्र हातात देऊन नळीखाली धरायला लावलं. थेंब पडायला लागले. आक्का बघत राहिल्या.

"कुठून येतं हे?"

"तीच करते. चालता चालता."

"अगं बाई," आक्का म्हणाल्या. "ही चालता चालता पाणी करते. आणि मी चालता चालता सांडत यायचे." आणि त्या हसल्या. मला काही हसता आलं नाही.

मग ट्रककडे त्यांचं लक्ष गेलं. "एवढी गुणाची, आणि परत का पाठवतोस?"

"इथे तिला पाणी नाही, आक्का."

फुलपात्र आक्कांनी दोन्ही हातांत धरलं होतं. म्हणाल्या, "मग बरं करतोस. बाबांना यायला उशीर झाला होता."

कांबळे गाडीपुढे गेले. पिवळा रुमाल काढून त्यांनी गाडीची काच पुसली, दाराची मूठ पुसली. ट्रक ड्रायव्हरला म्हणाले, "हळू ने रे. माहेरी चाललीये." गाडी वर चढली, साखळ्या लागल्या, ट्रक निघाला. रस्त्यापलीकडे वळेपर्यंत कांबळे फुटपाथवर उभे होते. मग त्यांनी हातातल्या रुमालाने तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

रुमाल पिवळाच होता.